पुसलेली नोंद आणि परवाना देणारा अधिकारी

कायद्याने एखादी नोंद पुसली असे म्हटले म्हणजे ती नेमकी कोठून पुसली गेली, हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका सोपा नाही. गुन्ह्याची नोंद ही एकाच वहीतील एक ओळ नसते. पोलीस ठाण्याची दैनंदिनी, प्रथम खबर, दोषारोपपत्र, न्यायालयाचे निकालपत्र, जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयातील गुन्हेविषयक दप्तर आणि २००९ साली मंजूर झालेल्या सीसीटीएनएस या देशव्यापी योजनेतील संगणकीय नोंद अशा अनेक ठिकाणी ती एकाच वेळी नांदत असते. यांपैकी एका ठिकाणची नोंद नष्ट झाली म्हणजे इतर ठिकाणच्या आपोआप नष्ट होत नाहीत. शिवाय परवाना देणारा अधिकारी यांतील एकही दप्तर सहसा स्वतः उघडून पाहत नाही. तो पोलिसांकडे विचारणा करतो आणि पोलीस त्याला अहवाल देतात. म्हणून ‘पुसलेली नोंद पाहण्याचा अधिकार नियामकाला आहे काय’ या प्रश्नाचे भारतीय स्वरूप निराळे आहे. नियामकाला नोंद दिसते की नाही, यापेक्षा त्या नोंदीवर आधारलेला अभिप्राय त्याच्यापर्यंत पोचतो की नाही, हे येथे पाहावयाचे असते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर हे प्रवरेकाठचे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. येथील तरुणाला प्रवासी वाहन चालवावयाचे असेल तर श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयातून बिल्ला मिळवावा लागतो. शस्त्राचा परवाना हवा असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. वकिलीची सनद हवी असेल तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जावे लागते, आणि खाजगी सुरक्षारक्षकांची संस्था काढावयाची झाल्यास राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याचे दार ठोठवावे लागते. कार्यालये निरनिराळी, कायदेही निरनिराळे. परंतु अर्जदाराच्या पूर्वचारित्र्याचा प्रश्न निघाला की यांतील बहुतेक वाटा शेवटी तालुक्याच्या पोलीस ठाण्यातच येऊन मिळतात. (दप्तरातील नाव किती चिवट असते याचा एक निरुपद्रवी दाखला याच परिसरात सापडतो. श्रीरामपूर शहर वसून वाढल्यानंतरही तेथील रेल्वे स्थानक कित्येक दशके ‘बेलापूर’ याच नावाने नोंदलेले राहिले.)

‘पुसणे’ या एका शब्दाखाली भारतीय कायद्यात तीन भिन्न कल्पना वावरतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच पुष्कळसा घोटाळा होतो. पहिली कल्पना अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या १२ व्या कलमात आहे. दोषी ठरलेल्या व्यक्तीला शिक्षा न देता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले असेल, तर दोषसिद्धीमुळे एरवी लागू होणारी अपात्रता तिला लागू होत नाही. येथे नोंद कायम राहते. नाहीसा होतो तो तिचा परिणाम, आणि तोही सर्व परिणाम नव्हे. १९७५ साली चेल्लप्पन प्रकरणात आणि १९९० साली बक्षी राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले की परिवीक्षेमुळे दोषाचा कलंक धुतला जात नाही. ज्या वर्तनामुळे दोषसिद्धी झाली त्या वर्तनाची दखल घेऊन नोकरदारावर खातेनिहाय कारवाई करण्यास हे कलम आड येत नाही. दुसरी कल्पना मुदतीची. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या ९ व्या कलमानुसार हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल कारावासाची शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षा संपल्यापासून ५ वर्षे परवाना मिळू शकत नाही. त्यानंतर ती आडकाठी संपते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या २४-क कलमात हीच मुदत सुटकेपासून २ वर्षांची आहे, आणि ज्याला परिवीक्षेचा लाभ मिळाला त्याला तर ती अपात्रता मुळीच लागू होत नाही, असे त्या कलमात स्वतंत्रपणे सांगितले आहे. दोन कायद्यांनी एकमेकांची अशी आठवण ठेवावी, हे आपल्याकडे विरळाच घडते. उलट, खाजगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, २००५ च्या ६ व्या कलमात, ज्या अपराधाला किमान २ वर्षांचा कारावास विहित आहे अशा अपराधाबद्दल दोषी ठरलेल्याला संस्थेचा परवाना देऊ नये असे म्हटले आहे, आणि त्याला कोणतीही मुदत घातलेली नाही. म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी घडलेली गोष्ट साठाव्या वर्षीही आडवी येऊ शकते. सनदेसाठी दोन वर्षे पुरतात आणि पहारेकऱ्यांची संस्था काढण्यासाठी संपूर्ण आयुष्यही पुरत नाही, या तफावतीमागे काही तत्त्व असेल असे दिसत नाही.

तिसरी कल्पना ही खऱ्या अर्थाने पुसण्याची. ती बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये आहे. हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याच्या ३ ऱ्या कलमातील तत्त्वांत ‘नव्या प्रारंभाचे’ तत्त्व आहे. विशेष परिस्थिती वगळता बालकाची पूर्वीची सर्व नोंद पुसली जावी, असे ते सांगते. २४ वे कलम याहून पुढे जाते. इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी बालकाला दोषसिद्धीची अपात्रता भोगावी लागणार नाही, असे म्हणून ते थांबत नाही, तर अपिलाची किंवा नियमांनी ठरविलेली मुदत संपल्यावर त्या दोषसिद्धीचे अभिलेख नष्ट करण्याचा आदेश मंडळाने पोलिसांना द्यावा, असेही ते सांगते. २०१६ च्या आदर्श नियमांपैकी १४ व्या नियमाने हे अभिलेख सुरक्षित ठेवण्यासाठी अपिलाच्या मुदतीचा किंवा ७ वर्षांचा उल्लेख केला असून, त्याहून अधिक काळ ते ठेवू नयेत असे बजावले आहे. अपवाद एकच. सोळा वर्षांवरील बालकाने अतिगंभीर अपराध केला, म्हणजे ज्याची किमान शिक्षा ७ वर्षांचा कारावास आहे असा अपराध केला, आणि बाल न्यायालयाने त्याचा प्रौढाप्रमाणे विचार करून त्याला दोषी ठरविले, तर त्याचा अभिलेख ते न्यायालय जपून ठेवते.

याला जोड आहे ती ७४ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाची. या विषयाच्या दृष्टीने सबंध कायद्यातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य होय. चारित्र्याच्या दाखल्यासाठी अथवा अन्य कारणासाठी पोलिसांनी बालकाची कोणतीही नोंद उघड करू नये, असे ते बजावते. मूळ तरतूद निकाली निघालेल्या प्रकरणांपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने प्रलंबित प्रकरणेही तिच्यात आली. येथे विधिमंडळाने नोंदीच्या अस्तित्वाला हात न लावता तिच्या वाटेलाच हात घातला आहे. नोंद असो वा नसो, ती ठाण्यातून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाता कामा नये, असा त्याचा अर्थ आहे. पुसण्याच्या आदेशापेक्षा ही मनाई अधिक परिणामकारक ठरण्याचा संभव आहे, कारण नष्ट करावयाच्या प्रती किती आणि कोठे कोठे आहेत हे शोधून काढण्याची तिला गरज पडत नाही.

हे व्यवहारात कसे घडते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. बेलापुरातील एक सतरा वर्षांचा मुलगा यात्रेतील मारामारीत सापडला. त्याच्याबरोबर दोन प्रौढ नातलगही होते. मुलगा एकटाच असता आणि अपराध किरकोळ असता, तर आदर्श नियमांतील ८ व्या नियमानुसार प्रथम खबर नोंदविलीच गेली नसती. ठाण्याच्या दैनंदिनीत माहिती लिहून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठविला गेला असता. परंतु याच नियमाने दोन प्रसंगी प्रथम खबर नोंदविण्यास मोकळीक दिली आहे, अपराध अतिगंभीर असेल तर किंवा तो प्रौढांच्या संगतीने घडला असेल तर. येथे नातलग बरोबर असल्यामुळे खबर नोंदली गेली. मुलाचे प्रकरण वेगळे काढून बाल न्याय मंडळाकडे गेले, मंडळाने त्याला समज देऊन सोडले आणि यथाकाल त्याची कागदपत्रे नष्ट करण्याचा आदेशही निघाला. नातलगांचा खटला मात्र दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात चालू राहिला. त्या खटल्याच्या दोषारोपपत्रात, साक्षीदारांच्या जबाबात, पंचनाम्यात मुलाचे नाव किंवा निदान त्याची ओळख पटेल असा उल्लेख राहिलाच. ती कागदपत्रे बालकाच्या दोषसिद्धीचे ‘अभिलेख’ नव्हेत, म्हणून २४ व्या कलमाचा आदेश त्यांना शिवत नाही. एका खोलीतील दप्तर जळाले तरी शेजारच्या खोलीत त्याचीच हकीकत शाबूत राहते, असा हा प्रकार आहे.

पाच-सहा वर्षांनी तोच तरुण बिल्ल्यासाठी अर्ज करतो आणि चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यात येतो. ठाण्यातील कर्मचाऱ्याने काय लिहावे? तो ‘माहिती देता येत नाही’ असे लिहील, तर त्या नकारानेच सर्व काही सांगितले जाईल, कारण ज्याच्याविषयी काहीच नाही त्याच्या कागदावर असे कोणी लिहीत नाही. मनाई खरोखर पाळावयाची असेल तर या तरुणाच्या अहवालात आणि ज्याने कधी पोलीस ठाण्याची पायरीही चढली नाही अशा तरुणाच्या अहवालात एका अक्षराचाही फरक असता कामा नये. सरकारी भाषेतील ‘निरंक’ हा शब्द दोघांनाही सारखाच लागू व्हावयास हवा. हे खोटे बोलणे नव्हे. कायद्याने जे उघड करावयाचे आहे तेवढ्यापुरताच तो शब्द असतो.

याहून बिकट प्रश्न अर्जदारापुढे असतो. अर्जात ‘आपणांस कधी अटक झाली होती काय, आपल्यावर कधी खटला झाला होता काय’ असे सरसकट विचारलेले असते. ‘होय’ लिहावे तर कायद्याने दिलेले संरक्षण आपल्या हाताने टाकून दिल्यासारखे होते. ‘नाही’ लिहावे आणि पुढे माहिती बाहेर आली तर माहिती दडविल्याचा ठपका येतो, आणि अनुभव असा की मूळ प्रकरणापेक्षा हा ठपका अधिक जाचक ठरतो. इंग्लंडच्या १९७४ च्या अपराधी पुनर्वसन कायद्याने ही कोंडी एका तरतुदीने फोडली आहे. मुदत संपून ‘लोपलेल्या’ दोषसिद्धीविषयी प्रश्न विचारला गेला तर तो प्रश्न त्या दोषसिद्धीला उद्देशून नाहीच असे धरून उत्तर देण्याची मुभा तो कायदा देतो, आणि तसे उत्तर दिल्याबद्दल उत्तर देणाऱ्याला दोष लागत नाही. आपल्या बाल न्याय कायद्यात अपात्रता काढली आहे, नोंद पुसली आहे, पोलिसांचे तोंडही बंद केले आहे. अर्जदाराने काय लिहावे, एवढेच सांगावयाचे राहून गेले आहे.

ही उणीव न्यायालयांनी काही अंशी भरून काढली आहे. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पडताळणी अर्जाविषयीची सूत्रे घालून दिली. माहिती खरी द्यावी हे तर आलेच. परंतु माहिती दडविली असे म्हणावयाचे तर प्रश्न नेमका असावा लागतो, मोघम चालत नाही, आणि जे स्पष्टपणे विचारले असेल तेवढेच सांगण्याचे बंधन अर्जदारावर असते, हेही त्या सूत्रांत आहे. किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणातील मौनाकडे दुर्लक्ष करण्याचा विवेक नेमणूक करणाऱ्याने दाखवावा, असेही न्यायालयाने म्हटले. २०१९ च्या रमेश बिष्णोई प्रकरणात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील नेमणुकीचा प्रश्न होता. अल्पवयात ज्या आरोपाला तोंड द्यावे लागले आणि ज्यातून पुढे निर्दोष सुटकाही झाली, तो आरोप उमेदवाराच्या आड येऊ शकत नाही, आणि दोषसिद्धी झाली असती तरीही बालपणीची ती नोंद पुसली जाणेच कायद्याला अभिप्रेत आहे, असे न्यायालयाने सांगितले. हे दोन्ही निकाल नेमणुकीविषयीचे आहेत. परवान्याला ते युक्तिवादाने लागू करता येतात हे खरे. तथापि उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत बिल्ल्यासाठी अर्ज करणाऱ्याजवळ क्वचितच असते. वर्षभर बिल्ला मिळाला नाही तर तो दुसऱ्याच्या गाडीवर मदतनीस म्हणून राहतो, एवढेच.

परवान्याच्या क्षेत्रात महाराष्ट्राने स्वतःच एक महत्त्वाचा निकाल ओढवून घेतला आहे. राज्याने २०१६ साली केलेल्या नृत्यबारविषयक कायद्याच्या नियमांत, परवाना मागणाऱ्याचे चारित्र्य व पूर्ववृत्त चांगले असावे आणि त्याच्या नावावर गुन्हेगारी नोंद नसावी, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ रोजी ही अट संदिग्ध म्हणून रद्द केली. त्या निकालाची चर्चा नृत्याविषयीच्या इतर मुद्द्यांवरच अधिक झाली आणि हा भाग झाकून राहिला. वस्तुतः परवान्याच्या कायद्याच्या अभ्यासकाला तोच अधिक मोलाचा आहे. ‘गुन्हेगारी नोंद’ म्हणजे प्रथम खबर, दोषारोप की दोषसिद्धी? निर्दोष सुटलेल्याची नोंद तीत धरावयाची काय? परिवीक्षेवर सुटलेल्याची? कायद्याने हे न सांगता अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले म्हणजे पुसलेल्या नोंदीला मागच्या दाराने प्रवेश मिळतो. असे मागचे दार शस्त्र अधिनियमातही आहे. ९ व्या कलमाने ५ वर्षांनंतर आडकाठी काढली, तरी १४ व्या कलमात अर्जदार ‘कोणत्याही कारणास्तव’ अयोग्य वाटल्यास परवाना नाकारण्याची मोकळीक आहे, आणि १३ व्या कलमाप्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावयाचाच असतो. एका कलमाने मुदत ठरवावी आणि दुसऱ्याने ती मोडण्यास वाव द्यावा, अशी ही रचना आहे. शस्त्राच्या बाबतीत ती समर्थनीय म्हणता येईल. रिक्षाच्या बाबतीत म्हणता येणार नाही.

नियामकाची बाजू मात्र हलक्या हाताने बाजूस सारता येणार नाही. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या चालकाविषयी पालकांना काळजी वाटते, आणि ती वाजवी आहे. इंग्लंडने म्हणूनच १९७५ साली अपवादांचा आदेश काढून कोणत्या व्यवसायांसाठी लोपलेली दोषसिद्धीही विचारता येईल याची यादी जाहीर केली. या यादीचा अतिरेक झाला तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्याला लगाम घातला. अकराव्या वर्षी दोन सायकलींच्या चोरीबद्दल पोलिसांची ताकीद मिळालेल्या मुलाला ती गोष्ट पुढे फुटबॉल क्लबातील काम आणि क्रीडाशिक्षणाचा अभ्यासक्रम यांच्या वेळी आडवी आली होती. २०१९ साली याच न्यायालयाने एकाहून अधिक दोषसिद्धी असल्यास सर्वच उघड करण्याचा सरसकट नियम अमान्य केला आणि २०२० साली तो रद्द झाला. या साऱ्यातून दिसते ते हे की तेथे वाद यादीवर होतो, यादीत काय असावे आणि काय नसावे यावर. आपल्याकडे यादीच नाही, त्यामुळे वाद घालावयास जागाही नाही. न्यायदानात तर आपली परंपरा याच्या अगदी उलट आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ५४ व्या कलमाने, आणि आता त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही, आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य सामान्यतः असंबद्ध मानले आहे. खुनाच्या खटल्यात जे न्यायाधीशाने विचारात घ्यावयाचे नाही ते बिल्ला देणाऱ्या कारकुनाने विचारात घ्यावे, ही विसंगती लहान नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक जुनी बाजू आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींतील माणसांची नोंद दोषसिद्धी नसतानाही होत असे. जन्म हाच आरोप होता. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली आणि संपूर्ण देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. नोंदवह्या कायद्याने संपल्या, परंतु त्या वह्यांनी लावलेली सवय संपली नाही. ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या हिस्ट्रीशीटचा विचार करताना, सामाजिकदृष्ट्या मागास आणि वंचित समूहांतील निरपराध माणसांच्या नोंदी त्यांत यांत्रिकपणे होतात काय हे सर्व राज्यांनी तपासावे, असे स्वतःहून सांगितले. हिस्ट्रीशीट हे पोलिसांचे अंतर्गत दप्तर असून सार्वजनिक नव्हे, हेही तेथे मान्य झाले. अडचण अशी की अंतर्गत दप्तर कोणाला दाखवावे लागत नाही म्हणून त्यातील मजकुराचे खंडनही कोणाला करता येत नाही. त्यातून उतरतो तो ‘वर्तणूक समाधानकारक नाही’ असा एका ओळीचा अभिप्राय.

संगणकाने या दप्तराचे आयुष्य वाढविले आहे. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ नुसार घेतलेली मापे ७५ वर्षे जपावयाची आहेत. पूर्वी कारावासयोग्य अपराधात दोषी न ठरलेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट व्हावीत अशी तरतूद आहे, परंतु न्यायालयाने कारणे नोंदवून अन्यथा आदेश दिला नाही तरच. ही मापे कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणांना पुरविता येतात. परवाना देणारे कार्यालय तशी यंत्रणा नव्हे. परंतु त्या कार्यालयाला अहवाल पाठविणारे पोलीस ठाणे निश्चितच तशी यंत्रणा आहे.

बेलापूरच्या त्या काल्पनिक तरुणाच्या बाबतीत एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो ग्रामीण महाराष्ट्रापुरताच आहे. ठाण्यातील कर्मचारी गावच्या माणसाविषयी अभिप्राय लिहिताना पुष्कळदा पोलीस पाटलाला विचारतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेल्या या गावकामगाराजवळ पुसण्याजोगी वही असो वा नसो, यात्रेतील ती मारामारी त्याला तोंडपाठ असते. ७४ व्या कलमाने मनाई केली आहे ती ‘पोलिसां’ना. पोलीस पाटील त्या शब्दात येतो की नाही हे कलमात सांगितलेले नाही, आणि ‘नोंद’ या शब्दात लेखी नसलेली आठवण येते की नाही, हेही नाही. गावाची आठवण कोणताही कायदा पुसू शकत नाही. परंतु ती आठवण सरकारी अहवालात उतरावी की नाही, हे ठरविणे कायद्याच्या आवाक्यातील आहे, आणि त्यासाठी राज्याला आपल्या नियमांत पोलीस पाटलाचा उल्लेख करणारी एक ओळ घालावी लागेल.